विमानावर लेझर मारणारे : शिक्षा वाढवायची की पेनच काढून घ्यायचं?

सांजवात
माझा धाकटा भाऊ मालवाहू विमानावर सहवैमानिक आहे. रात्रीच्याच खेपा जास्त. परवा पहाटे त्याचा फोन आला, आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाला, "ताई, उतरताना कुणीतरी खालून हिरवा लेझर मारला. काच पेटल्यासारखी झाली." धावपट्टी समोर दिसत होती, उंची हजारेक फूट उरलेली, आणि विमान त्याच्याच हातात होतं. कॅप्टनने लगेच ताबा घेतला आणि उतरवलं. सगळं मिळून आठ सेकंद, असं तो म्हणाला. डोळ्यासमोरचा हिरवा डाग मात्र विमान उभं करून जिना उतरला तरी गेला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी घड्याळ लावून आठ सेकंद मोजले. करून बघा. फार मोठे असतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं करणाऱ्याला जगात कुठे काय शिक्षा होते? आणि हे थांबवायचं कसं? माझं आजचं मत स्पष्ट लिहिते: तुरुंगात टाकावं, तेही चांगली काही वर्षं. राग शांत झाल्यावर मत बदलेल कदाचित, म्हणूनच इथे विचारते आहे.

धांदरट
बापरे. भाऊ ठीक आहे ना आता?

सांजवात
हो, डोळे तपासून घेतले, ठीक आहे. विचारल्याबद्दल आभार.

शंकासुर
ताई, भावाला काही झालं नाही हे वाचून बरं वाटलं. पण एक शंका आहे, राग मानू नका. भाषणात फळ्यावर ठिपका दाखवायचं ते एवढंसं पेन. त्याचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा. तो दोन-तीन किलोमीटरवरच्या, धावत्या विमानातल्या माणसाच्या नेमक्या बुबुळावर कसा लागेल? आणि माझ्या माहितीप्रमाणे लेझरमुळे विमान पडल्याची नोंद आजवर एकही नाही. मग पाच-पाच वर्षं तुरुंग हे जरा जास्त नाही का?

अपवर्तन
शंकासुर, तुमची शंका बहुतेकांच्या मनात असते आणि घोटाळा तिथेच आहे. किरण बारीकच राहतो हा समज चुकीचा. साध्या पेनाचा किरण साधारण एक मिलिरेडियनने पसरतो, म्हणजे १ किलोमीटरवर ठिपका १ मीटर रुंद आणि ३ किलोमीटरवर ३ मीटर. नेम धरायची गरजच उरत नाही, अख्खी काच त्यात मावते. शिवाय विमानाच्या काचेवर बारीक ओरखडे असतातच, त्यावर प्रकाश आपटला की तो काचभर विखुरतो. ताईंच्या भावाने "काच पेटली" म्हटलं ते शब्दशः खरं आहे. खालच्याचा हात हलत असतो, त्यामुळे वर सलग उजेड न येता फ्लॅशसारखे झपाझप झटके येतात. ते जास्त वाईट.

आता थोडं गणित. पेन ५ मिलिवॅटचं धरा. १ किलोमीटरवर तो प्रकाश सुमारे ७,८५० चौरस सेंटीमीटरवर पसरतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.६४ मायक्रोवॅट. फार कमी वाटतं ना? पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धावपट्टीच्या लगतच्या लेझरमुक्त पट्ट्यासाठी घातलेली मर्यादा आहे ०.०५ मायक्रोवॅट. तुमचं एवढंसं पेन तिच्या बारा-तेरा पट झालं. ते या मर्यादेखाली यायला साधारण साडेतीन किलोमीटर अंतर लागतं. हे साध्या पेनाचं. ५०० मिलिवॅटचं घेतलं तर प्रकाशाची तीव्रता शंभरपट करा आणि हे अंतर दहापट.

आणि हिरवाच का त्रास देतो? माणसाचा डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात संवेदनशील असतो. हिरवं पेन ५३२ वर आहे, अगदी शेजारीच. तेवढ्याच ताकदीच्या ६५० नॅनोमीटरच्या लाल पेनापेक्षा ते आठपट झगझगीत दिसतं.

शंकासुर
ठिपका पसरतो हे खरंच ठाऊक नव्हतं. तो मुद्दा मागे घेतो. अपघात नाही झाला हा मुद्दा अजून उभा आहे.

निवृत्त_पंख
तीस वर्षं विमानं उडवली, त्यातली बरीच रात्री. दोनदा लेझर खाल्ला आहे.

शंकासुर, अपघात झाला नाही याचं एक मोठं कारण म्हणजे कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात आणि बहुतेक वेळा एकाचे डोळे वाचतात. आम्हाला शिकवलेलं असतं ते असं: उजेडाच्या दिशेने बघायचं नाही, हात किंवा पॅड आडवं धरायचं, दुसऱ्याचे डोळे शाबूत असतील तर विमान त्याच्याकडे सोपवायचं, कॉकपिटचे दिवे वाढवायचे म्हणजे फरक कमी जाणवतो, टॉवरला सांगायचं. आणि डोळे चोळायचे नाहीत. सगळ्यात कठीण हेच शेवटचं. "बघू नको" हेही तितकंच कठीण, कारण अंधारात अचानक काही चमकलं की मान आपोआप तिकडे वळते. त्यात नवशिका-जुना असा भेद नाही.

उतरताना वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. ताईंनी सांगितलेल्या आठ सेकंदांत साडेपाचशे मीटर झाले. जमीन जवळ आलेली असते. त्या वेळी आम्ही आपसात कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलत नाही, दहा हजार फुटांखाली तसा नियमच आहे, इतकं लक्ष लागतं. तिथे कुणीतरी डोळ्यात उजेड फेकतो.

हेलिकॉप्टरवाल्यांची मला जास्त काळजी वाटते. ते खालून उडतात, पुष्कळदा एकटाच वैमानिक, चहूबाजूंनी काच. मागे स्ट्रेचरवर रुग्ण असू शकतो. तिथे सोपवायला दुसरे डोळे नसतात.

नेत्रपल्लवी
डोळ्यांची डॉक्टर आहे म्हणून थोडं. विमानाच्या अंतरावर पडदा कायमचा जळण्याची शक्यता साध्या पेनाने फारच कमी असते. ५ मिलिवॅटच्या पेनाने थेट इजा व्हायचं अंतर पंधरा-सोळा मीटरच्या आतलं. त्यामुळे "वैमानिक आंधळा झाला" अशा मथळ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. पण इजा होत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. क्षणभर काहीच न दिसणं, मग डोळ्यासमोर तरंगणारा डाग, आणि अंधाराला सरावलेली नजर मोडणं, हे तिन्ही होतं. मोडलेली नजर पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. उतरायला तेवढी मिनिटं नसतात.

डोळे चोळण्याबद्दल पंखकाकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. अशा वैमानिकांचं डोळा दुखण्याचं कारण बरेचदा लेझर नसून जोरात चोळल्याने बुबुळावर आलेला ओरखडा असतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने वैमानिकांसाठी एक तपासणी कार्ड काढलंय, त्यावर चौकटींची जाळी असते. एकेका डोळ्याने बघायचं, रेघा वाकड्या किंवा गायब दिसल्या तर डॉक्टरकडे जायचं. भावाला सांगा, जवळ ठेव.

जवळून मात्र ही पेनं खरंच धोकादायक आहेत, विशेषतः लहान मुलांच्या हातात. पडदा जळला की तो भाग परत येत नाही. चष्म्याने नाही, ऑपरेशननेही नाही.

न्यायप्रविष्ट
ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

अमेरिकेत २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. विमानावर किंवा त्याच्या मार्गावर जाणूनबुजून लेझर रोखला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. विमान वाहतूक खातं वेगळा दिवाणी दंड लावतं तो निराळाच. कॅनडात एक लाख डॉलर आणि पाच वर्षं.

ब्रिटनचा प्रवास मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. पूर्वी तिथे वैमानिकाला दिपवल्याचा दंड जास्तीत जास्त २,५०० पौंड होता. मोठी शिक्षा हवी तर विमान खरोखर धोक्यात आलं हे पोलिसांनी सिद्ध करायचं, आणि ते महाकठीण. २०१८ च्या कायद्याने ती अट काढली. चालवणारा दिपला, विचलित झाला किंवा होण्याची शक्यता होती, एवढं पुरे. पाच वर्षांपर्यंत कैद, दंडाला मर्यादा नाही. नुसती विमानंच नव्हेत तर आगगाड्या, बस, जहाजं, अगदी हवाई नियंत्रणाचा टॉवरसुद्धा त्यात आला. आरोपीला बचावही ठेवलाय: हेतू नव्हता आणि पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर सुटका.

दोन_पोरांची_आई
मुलांनी केलं तरीही पाच वर्षं?

न्यायप्रविष्ट
ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला तेवढी होत नाही. पण शिक्षा वाढवत नेली की काय होतं याचं एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात एका माणसाने पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर लेझर मारला. २०१४ मध्ये त्याला चौदा वर्षं झाली. कारण विमानाच्या सुरक्षेत बेपर्वाईने अडथळा आणण्याचं जास्त गंभीर कलम लावलं होतं. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. म्हणणं असं की लेझर इतक्या दूर काय करतो हे या माणसाला माहीत होतं याचाच पुरावा नाही, आणि धोका माहीत नसताना त्याची बेपर्वाई कशी म्हणायची? किरण रोखल्याचा साधा गुन्हा मात्र कायम राहिला, त्याला कमाल पाच वर्षं.

मला तो निकाल पटतो. अज्ञान आणि दुष्टावा यांना एकाच मापाने मोजू नये.

सांजवात
मला नाही पटत. खाली उभं राहून आकाशातल्या दिव्यावर निशाणा धरणाऱ्याला आत माणसं आहेत हेही कळत नाही?

पाऊलवाट
खूप वेळ विचार केला, लिहू की नको. लिहितो.

मी पंधरा वर्षांचा असताना हे केलंय. मी आणि मावसभाऊ, गच्चीवर, नवीन हिरवं पेन. आधी समोरच्या पाण्याच्या टाकीवर, मग दूरच्या टॉवरवर ठिपका टाकला. मग विमान आलं. "पोचतो का बघू" एवढंच. ताई, खरं सांगतो, आत माणसं आहेत हे माहीत होतं, पण ते मनात आलंच नाही. हवेतला हिरवा दोरा थोड्या उंचीवर संपल्यासारखा दिसतो. आम्हाला वाटलं तो तिथेच संपला. विमान तसंच पुढे गेलं. आम्ही म्हणालो, नाही पोचला. आणि पुन्हा मारला. तीन-चार विमानांवर तरी मारला असेल.

कुणी पकडलं नाही, कुणी ओरडलं नाही. कित्येक वर्षांनी एका मित्राकडून कळलं की तो पोचत होता. त्या रात्री झोप लागली नव्हती.

शिक्षेबद्दल म्हणाल तर तेव्हा फाशीची शिक्षा असती तरी मी तेच केलं असतं, कारण हा गुन्हा आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्याची खबरच नाही त्याची भीती कशी वाटणार?

सांजवात
पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा खूप राग आला. पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवला. मग पुन्हा वाचला. लिहिलंत ते बरं केलंत. माफ केलं असं म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. तो किरण का थांबल्यासारखा दिसतो, हे कुणी सांगेल का?

अपवर्तन
सांगतो. किरण बाजूने दिसतो तो हवेतल्या धूळकणांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे. जमिनीजवळ धूळ जास्त, वर कमी. शिवाय आपल्यापासून दूर जाणारी रेघ एका बिंदूकडे आक्रसत जाते, तो बिंदू म्हणजे टोक असं डोळ्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रकाश पुढे जातच असतो. पाऊलवाट यांनी वर्णन केलेला भास अगदी खरा आहे, आणि माझ्या मते हाच भास सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

टॉवर_टेहळणी
हवाई नियंत्रणात काम केलं आहे. पलीकडून कसं दिसतं ते सांगतो.

वैमानिक सांगतो, "हिरवा लेझर, डावीकडे दहा वाजताच्या दिशेला, अंदाजे दोन मैल." आम्ही मागून येणाऱ्यांना सावध करतो, पोलिसांना कळवतो. पोलीस पोचेपर्यंत पेन खिशात आणि माणूस घरात. त्या दोन मैलांच्या टोकाला शेकडो खिडक्या असतात. बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

आकडे बघा. अमेरिकेत २०१० मध्ये २,८३६ घटना नोंदल्या गेल्या. २०१२ मध्ये कडक कायदा आला. २०१५ मध्ये ७,७०३. २०२३ मध्ये १३,३०४. २०२४ मध्ये १२,८४०. कळवण्याचं प्रमाण वाढलं हे खरं, पेनं स्वस्त आणि ताकदवान झाली हेही खरं. पण कायद्याच्या पुस्तकात पाच वर्षं लिहिल्याने आकडा खाली आला नाही, हे तर समोरच आहे.

पकडले जातात ते बहुधा पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर मारणारे. कारण त्यात उष्णता टिपणारा कॅमेरा असतो आणि लेझर मारणारा स्वतःच आपल्या घराकडे बोट दाखवत असतो. हेलिकॉप्टर तिथेच घिरट्या घालतं आणि खालच्या गाडीला गच्ची सांगतं. माझं म्हणणं एवढंच की शिक्षा सहा महिन्यांची असली तरी चालेल, पण दहातले आठ सापडले पाहिजेत.

शंकासुर
मग विमानांसाठी तसं काही का करत नाहीत? विमान थोडंच घिरट्या घालणार.

टॉवर_टेहळणी
प्रयत्न झालेत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने जमिनीवर दोन ठिकाणी संवेदनशील कॅमेरे ठेवून बघितले. हवेत विखुरलेला प्रकाश दोन्हीकडून टिपायचा, दोन रेघा मागे नेल्या की त्या जिथे जमिनीला भेटतात तो पत्ता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास जागा कळते. असं यंत्र मोठ्या विमानतळांभोवती बसलं तर चित्र पालटेल असं मला मनापासून वाटतं. २०१४ मध्ये एफबीआयने माहिती देणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीसही जाहीर केलं होतं. शेजाऱ्यालाच दिसतं ना कोण गच्चीवर आहे ते.

धांदरट
माझा बाळबोध प्रश्न: वैमानिकांनाच गॉगल का देत नाहीत? प्रश्नच मिटला.

निवृत्त_पंख
बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. पण हिरवा प्रकाश अडवणारा चष्मा घातला की धावपट्टीच्या उंबरठ्याचे हिरवे दिवेही मंद होतात आणि टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करायच्या वाटेच्या, मधल्या रेषेचेही. कॉकपिटच्या पडद्यावर किती गोष्टी हिरव्या असतात! लेझरपासून वाचायचं आणि त्यासाठी दिवेच घालवून बसायचं, असं होतं. त्यात निळी आणि लाल पेनंही निघालीत, प्रत्येकाला वेगळी गाळणी. नेमकी एकच तरंगलांबी परतवणारा पातळ थर काचेवर लावून एअरबसने चाचण्या घेतल्या होत्या, ती दिशा मला बरी वाटते. पण जगातल्या प्रत्येक हेलिकॉप्टरच्या काचेपर्यंत ते कधी पोचणार?

शंकासुर
तर मग सरळ पेनावरच बंदी घाला. एक मिलिवॅटच्या वरचं काही विकायचंच नाही. मी सुरुवातीला जे म्हणालो त्याच्या अगदी उलट बोलतोय याची कल्पना आहे, पण इतकं वाचल्यावर मत बदललं.

अवकाशवेडा
थांबा थांबा. आमचं काय? आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात पन्नास माणसांना एकाच वेळी देवयानी दीर्घिका कुठे आहे हे दाखवायचं तर हिरव्या पेनासारखं साधन नाही. बोटाने दाखवलं की प्रत्येकाला वेगळाच तारा दिसतो.

ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये सिडनीजवळ एकाच वेळी अनेक लेझर विमानांवर रोखले गेले. त्यानंतर न्यू साउथ वेल्सने १ मिलिवॅटवरची पेनं निषिद्ध शस्त्रांच्या यादीत टाकली. पण मान्यताप्राप्त खगोल मंडळांच्या सदस्यांना सवलत ठेवली. असं करता येतं.

जबाबदारीने लेझर कसा वापरायचा याचं उत्तम उदाहरण वेधशाळांमध्येच मिळतं. हवाईतल्या मौना केआ पर्वतावर दुर्बिणीतून आकाशात नारिंगी लेझर सोडतात. नव्वद किलोमीटर उंचीवर सोडियमचा थर आहे, तो उजळून कृत्रिम तारा तयार होतो आणि त्यावरून वातावरणाची थरथर मोजून आरसा वाकवतात. तो लेझर चालू असताना बाहेर कडाक्याच्या थंडीत माणसं फक्त विमान येतंय का हे बघायला उभी करत, आणि दिसलं की लेझर बंद. उपग्रहांवर पडू नये म्हणून आधी वेळापत्रक मंजूर करून घ्यावं लागतं. इतके मोठे शास्त्रज्ञ एवढी काळजी घेतात, तर आपण पेनवाल्यांनी का घेऊ नये?

अपवर्तन
बंदीबाबत एक अडचण. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ पेनं मोजून बघितली. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लाल पेनांपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हती. लेबलवर एक आकडा आणि आत भलतंच. हिरव्या पेनात मुळात अदृश्य अवरक्त लेझर असतो, त्याची तरंगलांबी स्फटिकातून अर्धी केली की हिरवा मिळतो. अवरक्त अडवणारी गाळणी काटकसरीत वगळली की तोही बाहेर पडतो, आणि तो दिसत नसल्याने पापणी मिटत नाही. म्हणून पेन कुणाच्या हातात आहे यापेक्षा ते बनवणाऱ्याला आणि आणणाऱ्याला आधी धरा. सीमेवर, गोदामात मोजा. लेबल खोटं निघालं की पूर्ण माल जप्त.

न्यायप्रविष्ट
सहमत. नुसतं बाळगणं हाच गुन्हा केला की पोलिसांच्या हातात फार सैल हत्यार जातं. २०१९ मध्ये हाँगकाँगमध्ये आंदोलनाच्या काळात एका विद्यार्थी नेत्याला दहा लेझर पेनं विकत घेतली म्हणून पकडलं, ती शस्त्रं आहेत असं म्हणून. दुसऱ्या दिवशी लोक अवकाश संग्रहालयाबाहेर जमले आणि त्याच्या घुमटावर शेकडो ठिपके टाकले. कॅनडाने २०१८ मध्ये मधला मार्ग काढला: मॉन्ट्रियल, टोरांटो, व्हँकुव्हर भागात आणि विमानतळांपासून दहा किलोमीटरच्या आत घराबाहेर १ मिलिवॅटवरचं हातातलं पेन बाळगायचं नाही, रास्त कारण असेल तर गोष्ट वेगळी.

धांदरट
हाँगकाँगच्या त्या आंदोलनाबद्दल माझं मत असं की

व्यवस्थापन
त्या विषयावर वेगळा धागा काढावा. इथे विमानांबद्दलच बोलूया.

दोन_पोरांची_आई
हे सगळं वाचून आत्ता पोरांचा कप्पा उघडला. एक हिरवं पेन निघालं. कुठून आलं, कुणी दिलं, काहीच आठवत नाही. लेबलवर "५ मिलिवॅटपेक्षा कमी" असं लिहिलंय. खरं की खोटं कसं ओळखू? भिंतीवर टाकून पाहिलं तर खूप झगझगीत आहे.

अपवर्तन
डोळ्याने ओळखता येत नाही, आणि कृपया अजून टाकून बघू नका. बॅटरी काढा आणि वेगळी ठेवा. मोजायचं उपकरण कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात असू शकतं.

दोन_पोरांची_आई
काढली. धाकटा विचारतोय का काढली. त्याला विमानाचं सांगितलं. तो म्हणतो, "पण आई, ते इतकं उंच असतं, तिथे कसं जाईल?" पाऊलवाट, अगदी तुमचंच वाक्य.

निवृत्त_पंख
सणासुदीला लोक घरावर फिरणारे लेझरचे ठिपके टाकतात, त्याकडेही लक्ष असू द्या. भिंतीवर पडले तर ठीक, पण यंत्राचा कोन चुकला की अर्धे ठिपके आभाळात जातात, आणि घरमालक आत झोपलेला असतो. अमेरिकेचं विमान खातं दर नाताळला हीच सूचना काढतं.

आणखी एक, मघाशी राहिलं. विमान वाचलं म्हणजे नुकसान झालं नाही असं नसतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या विमानावर उड्डाणानंतर लेझर मारला गेला. सहवैमानिकाला बरं वाटेना, आणि आयर्लंडपर्यंत गेलेलं ते विमान मागे फिरवावं लागलं.

सांजवात
काल भावाशी तासभर बोलले. धागा त्यालाही वाचायला दिला.

शिक्षेबद्दल विचारलं तर तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला की त्यानंतरच्या खेपेला त्याच जागी आल्यावर त्याचा डावा हात आपोआप डोळ्यांपुढे जायला लागला. काहीच नव्हतं, नुसता अंधार होता. "मला त्याचीच जास्त भीती वाटली," म्हणाला. त्याने कॅप्टनला तसं सांगितलं, कॅप्टनने पुढचे दोन-तीन दिवस उतरवण्याचं काम स्वतःकडे घेतलं.

माझं मत थोडं बदललंय, सगळं नाही. हेलिकॉप्टरचा पाठलाग करत पुन्हा पुन्हा मारणाऱ्याला तुरुंगच हवा, त्यावर मी ठाम आहे. पंधरा वर्षांच्या पोराला मात्र नको. त्याचं पेन घ्या, आईबापांना बोलवा, आणि ज्याच्या डोळ्यात मारला त्या वैमानिकासमोर बसवा. भाऊ म्हणाला, तो बसायला तयार आहे.

शंकासुर
ताई, हे वाचून काय लिहावं कळत नाही. भावाला माझा नमस्कार सांगा. आमच्या कार्यालयात भाषणासाठी दोन पेनं आहेत, दोन्ही हिरवी. उद्या बदलून लाल, १ मिलिवॅटवाली घेतो.

अवकाशवेडा
आमच्या मंडळात कालच ठरलं. पेन एकाच माणसाच्या हातात, आणि त्याच्या शेजारी दुसरा माणूस फक्त आकाशाकडे लक्ष ठेवणार. विमानाचा दिवा क्षितिजावर दिसला तरी पेन बंद. मुलांच्या हातात ते द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी. विमानतळाच्या बाजूचं आकाश बोटानेच दाखवायचं.

धांदरट
शेजारच्या गच्चीवर कुणी असं करताना दिसलं तर काय करायचं?

टॉवर_टेहळणी
वेळ लिहून ठेवा, कोणती इमारत, कोणता मजला, किरणाचा रंग, विमान कुठल्या दिशेने चाललं होतं. लगेच पोलिसांना फोन. वेळ नेमकी असेल तर टॉवरच्या नोंदीशी जुळवता येते, आणि मग ती तक्रार हवेत राहत नाही. ओळखीचं पोर असेल तर आधी जाऊन हाताला धरून थांबवा.

पाऊलवाट
सांजवात ताई, एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात भाच्याच्या शाळेत मुलांशी बोलायला जातोय. मीच मागून घेतलं. माझ्या गच्चीची गोष्ट सांगणार आहे, आणि अपवर्तन यांच्याकडून ठिपका कसा पसरतो ते मैदानावर दाखवायचं शिकून घेतोय. तुमच्या भावाची गोष्ट सांगितली तर चालेल का? नाव घेणार नाही.

सांजवात
भावाला विचारलं. हो म्हणाला.

फक्त एक करा. आठ सेकंद झाले असं नुसतं सांगू नका. सगळ्यांना डोळे मिटायला लावा आणि मोठ्याने न बोलता, घड्याळ बघून, पूर्ण आठ सेकंद जाऊ द्या.